नकाशाआधीचे राज्य

१९७२ च्या आसपास पुण्या-मुंबईची जी तरुण मंडळी शहाद्याला येऊन राहिली, त्यांच्या डोक्यात व्हिएतनाम होता. त्यात नवल नव्हते. त्या काळात वर्तमानपत्र वाचणाऱ्या निम्म्या पोरांच्या डोक्यात तो होता. शहाद्याला तेव्हाही रेल्वे नव्हती, आजही नाही. दोंडाईच्याला नाहीतर नंदुरबारला उतरायचे, एसटी धरायची आणि तापी ओलांडायची. पिशवीत पुस्तके असत. त्या पुस्तकांतले राज्य भूमिहीनांचे होते. जगातल्या सगळ्यात बलाढ्य फौजेला जेरीस आणणाऱ्या खेड्यांचे होते. एसटीतून उतरल्यावर समोर जो माणूस भेटला तो मात्र सालदार होता. त्याला व्हिएतनाम ठाऊक नव्हता. पण राज्याची स्वतःची एक कल्पना त्याच्याकडे आधीपासून होती, आणि ती भजनातून आलेली होती.

या दोन कल्पनांची गाठ कशी पडली, हा पुढच्या पानांचा विषय. शहादा चळवळ, श्रमिक संघटना, भिल्ल प्रदेश अशी नावे वाचकाने कुठे ना कुठे ऐकलेली असतात, पण ती सुटी सुटी. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला पटणार नाही त्याला इथूनच भांडत पुढे जाता येईल. नंदुरबारच्या आदिवासींनी जे समतेचे राज्य मनात धरले, त्याला सुरुवातीला सीमा नव्हती, राजधानी नव्हती, झेंडाही धड एक नव्हता. ते मालकाच्या ओट्यावर, वर्षाच्या हिशोबाच्या वेळी सुचलेले राज्य होते. नकाशा फार नंतर आला. आणि नकाशाची चर्चा करताना त्या ओट्यावरच्या हिशोबाचा विसर पडला, तर उरते ती नुसती जिल्ह्यांची यादी.

व्हिएतनामचे आधी थोडे सांगायला हवे, कारण कल्पनेतल्या राज्याचे त्याहून ठळक उदाहरण त्या पिढीसमोर दुसरे नव्हते. १९५४ च्या जिनिव्हा करारात सतराव्या अक्षांशावर एक रेघ ओढली गेली. ती तात्पुरती होती. दोन वर्षांत निवडणुका होऊन देश एक व्हायचा होता. निवडणुका झाल्या नाहीत, रेघ राहिली. दक्षिणेत १९६० च्या अखेरीस मुक्ती आघाडी स्थापन झाली आणि जून १९६९ मध्ये तिने चक्क एक सरकार जाहीर केले: हंगामी क्रांतिकारी सरकार. त्याला सांगण्यासारखी राजधानी नव्हती, पण परराष्ट्रमंत्री होत्या. न्युएन थी बिन्ह त्यांचे नाव. जानेवारी १९७३ मध्ये पॅरिसच्या करारावर अमेरिकेच्या बरोबरीने त्यांनी सही केली. ३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडले, हे सरकार अधिकृतपणे गादीवर आले, आणि २ जुलै १९७६ ला उत्तर-दक्षिण एक होऊन समाजवादी प्रजासत्ताक झाले तेव्हा ते विसर्जितही झाले. म्हणजे कल्पनेत सहा वर्षे नांदलेले राज्य प्रत्यक्षात जेमतेम चौदा महिने टिकले. त्या विसर्जनावर आपल्याकडे फारसे कुणी लिहिले नाही. विजयाच्या पोस्टरात ते बसत नव्हते.

महाराष्ट्राला असे राज्य अगदीच अनोळखी नव्हते. साताऱ्याचे प्रतिसरकार १९४३ पासून तीनेक वर्षे न्यायनिवाडे करत होते, सावकारांना वठणीवर आणत होते. त्याचा एक धागा थेट आपल्या भागात येतो. एप्रिल १९४४ मध्ये धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला साडेपाच लाखांचा सरकारी खजिना चिमठाण्याजवळ लुटला गेला. जी. डी. बापू लाड, नागनाथ अण्णा नायकवडी हे त्यातले पुढारी. पैसा गेला साताऱ्याकडच्या क्रांतीला. त्याआधी दीड वर्ष, ९ सप्टेंबर १९४२ ला, नंदुरबार शहरात शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गोळीबारात पडले होते. शहराच्या स्मरणात स्वातंत्र्य म्हणजे हे दोन प्रसंग. त्याच काळात शहराबाहेरच्या भिल्लाच्या स्मरणात काय होते, हे चौकातल्या स्मारकावरून कळत नाही.

त्याच्या स्मरणात गेलेले राज्य होते. सातपुड्याच्या पायथ्याला आणि आत डोंगरात काठी, चिखली, सिंगपूर, नाल, नवलपूर, गव्हाळी अशी मेहवासी, म्हणजे भिल्ल सरदारांची छोटी, संस्थाने होती. काठीची राजवाडी होळी आजही पाहायला माणसे लोटतात, पण बहुतेकांना ती केवळ नाच आणि मोरपिसांचे टोप वाटते. इंग्रजांनी १८१८ नंतर खानदेश घेतला, १८२५ साली औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभारून भिल्लांना काबूत आणायचा डाव टाकला, आणि तरीही १८५८ च्या एप्रिलमध्ये आंबापाणीला भिल्लांचा बंडखोर पुढारी खाज्या नाईक याच्या माणसांशी मोठी लढाई करावीच लागली. पुढे रस्ते झाले, मोजणी झाली, सातबारे आले. तापीच्या काठची काळी कसदार जमीन कर्जाच्या आणि व्याजाच्या वाटेने हळूहळू आदिवासींच्या हातून गेली. कसणारा तोच राहिला, फक्त आता तो दुसऱ्याच्या नावावरची जमीन कसू लागला.

मुलूख तुटला तो वेगळाच. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा पश्चिम खानदेशातली उच्छल-निझरकडची गावे गुजरातेत गेली. नर्मदेच्या अंगाला मध्य प्रदेश, त्याच्या पलीकडे राजस्थान. एकाच कुळाची, एकाच बोलीच्या थोड्याथोड्या वेगळ्या सुरांची माणसे चार राज्यांच्या मतदारयाद्यांत विखुरली. नवापूरचे रेल्वे स्थानक याचा नमुना म्हणून नेहमी दाखवतात: आठशे मीटर लांबीच्या फलाटातले तीनशे मीटर महाराष्ट्रात, पाचशे गुजरातेत; सीमेवर एक बाक, त्याचा एक भाग इकडे, एक तिकडे. लोक तिथे फोटो काढतात. सतराव्या अक्षांशावर असा फोटो कुणी काढला नसता हे खरे. इथल्या रेघेवर कधी गोळी सुटली नाही, म्हणून तिच्याकडे गंमत म्हणून पाहता येते.

आता सालदाराकडे येऊ. या विषयाचा गाभा तिथे आहे, आणि खानदेशाबाहेरच्या वाचकाला, किंबहुना आजच्या शहाद्यातल्या विशीतल्या पोरालाही, सालदारकी म्हणजे नेमके काय हे सांगावे लागते.

खानदेशात साल आखाजीला बदलते. अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, घरोघरी पुरणपोळी नि आमरस असतो. आणि त्याच दिवसाच्या आगेमागे मालकाच्या ओट्यावर सालदार उभा असतो. जुने साल फिटले, नवे धरायचे. वर्षाची रोख रक्कम ठरते, महिन्याचे दाणे ठरतात, एखादे धोतर, जोडे. ठरलेल्यातले काही आधी उचल म्हणून मिळते, कारण घरात लग्न तरी असते, आजारपण तरी, नाहीतर मागच्या सालाची बाकी तरी. मग पहाटे बैलांना चारा टाकण्यापासून रात्री पाण्याची पाळी धरेपर्यंत माणूस मालकाचा. एक दिवस आला नाही तर खाडा. खाड्याची नोंद मालकाच्या वहीत. सालदाराला लिहिता येत नाही, तेव्हा वहीत काय लिहिले ते मालक सांगेल ते. आजारी पडला तर बदली माणूस त्याने द्यायचा. बायको गोठा झाडते, शेण काढते. तो व्यवहार वहीत कुठेच येत नाही, तो सालात गृहीत. वर्ष संपते, उचल आणि खाडे वजा होतात, आणि ओट्यावर उभ्या माणसाला कळते की या आखाजीला त्याच्याच अंगावर काहीतरी निघते आहे. मग पुन्हा साल धरायचे. मध्येच पळून गेला तर साल मोडले, आणि साल मोडणाऱ्याला शोधून आणायला माणसे जात.

हे लिहिताना कुणाची जात काढायचा हेतू नाही. त्या पट्ट्यातले बागायतदार मुख्यतः गुजर पाटीदार, कष्टाळू, शेतीत हिशोबी. पुढे सहकारी साखर कारखाना, शाळा, महाविद्यालये त्यांनी उभारली. सत्तरच्या दशकात उसाने आणि कापसाने जमिनीचा भाव चढला तसा मजुरीचा प्रश्नही तापला. माझ्या मते गोष्ट चांगल्या-वाईट माणसांची नव्हतीच. एका बाजूला वही होती, दुसऱ्या बाजूला ती वाचता न येणारा माणूस. समाजवादावर शंभर व्याख्याने ऐकूनही जे कळत नाही ते त्या वहीच्या एका पानात कळते.

या माणसाला भजनातून काय मिळाले होते? १९३० च्या दशकाच्या अखेरीस तळोदा तालुक्यातल्या मोरवडला गुलाम महाराजांनी आरतीची चळवळ उभी केली. दारू सोडा, अंघोळ करा, कर्ज काढू नका, आणि एकमेकांना ‘आप’ म्हणा. सोमवारच्या आरतीला हजारोंनी माणसे जमत. १९३८ साली गुलाम महाराज गेले, भाऊ रामदास महाराजांनी पुढे चालवले, आणि इंग्रज सरकारने त्यांना जिल्ह्यातून हद्दपार केले. आरती करणाऱ्याला हद्दपार का करावे, हा प्रश्न सरळ आहे आणि उत्तरही. ज्यांना सगळे गाव ‘अरे’ म्हणते अशा माणसांचा समुदाय एकमेकांना ‘आप’ म्हणू लागला की ओट्यावरच्या व्यवहाराला धक्का पोचतो. त्याआधी, १९२२-२३ मध्ये, दक्षिण गुजरात आणि खानदेशच्या पश्चिम कडेने देवीची चळवळ गेली होती. तिनेही दारू आणि दारूचा ठेकेदार यांच्यावरच बोट ठेवले होते. ही धर्मसुधारणा होती असे पुस्तकांत लिहितात. असेल. पण दारूवाला आणि सावकार यांच्यापासून सुटका हे तिचे पोटातले कलम होते.

शहादा तालुक्यातल्या पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती या परंपरेत वाढले. भजनी माणूस. लोक त्यांना महाराज म्हणत. साठच्या दशकापासून ते गावोगाव भजनाला बसत आणि भजन संपले की तक्रारी ऐकत: अमक्याचे साल बुडवले, तमकीवर हात टाकला, पाटाचे पाणी दिले नाही. त्यांच्याकडे मार्क्स नव्हता; लोकांचा विश्वास होता, आणि मालकाच्या दारात जाऊन बोलायची हिंमत होती. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीत दाण्यासाठी आलेल्या भुकेल्या आदिवासींवर बंदुका चालल्या. तो दरोडा होता की भूक, यावर तेव्हा बराच शब्दांचा खेळ झाला. त्या घटनेने सर्वोदयी कार्यकर्ते शहाद्यात आले, ग्रामस्वराज्य समिती झाली, जानेवारी १९७२ मध्ये भूमुक्ती मेळावा भरला. पाठोपाठ पुण्या-मुंबईची मंडळी: डाव्या विचारांच्या मागोवा गटाशी संबंध असलेले, बाबा आमट्यांच्या शिबिरांतून आलेले. कुमार शिराळकर हे त्यांतले सर्वांत परिचित नाव. पवईच्या आयआयटीतला इंजिनिअर, जो २०२२ साली वारला तोवर या जिल्ह्याशी बांधलेला राहिला. कादंबरीकार दीनानाथ मनोहरही त्याच मंडळींतले. १९७२ अखेर श्रमिक संघटना उभी राहिली. त्या साली दुष्काळ होता, हे विसरता कामा नये. विहिरी आटलेल्या, कामे बंद, आणि पोटाला नसताना माणूस जे बोलतो ते भरल्या पोटी बोलत नाही.

पहिली दोन-तीन वर्षे जे चालले, त्याला मी राज्य म्हणतो. संघटनेने कधी तसे म्हटले नाही. गावोगाव तरुण मंडळे झाली. सालदाराचा हिशोब आता एकट्याने व्हायचा नाही, मंडळाच्या माणसांसमोर व्हायचा. गहाणात गेलेल्या आणि परत न मिळालेल्या जमिनीत गाव मिळून औत घालायचे. कुणी बाईची छेड काढली तर दोन्हीकडची माणसे बसवून निवाडा, दंड, माफी. मालकाला बोलावणे जाई आणि तो येई, हीच मोठी गोष्ट होती. आदल्या वर्षापर्यंत बोलावणे उलट दिशेने जात असे. दुसऱ्या बाजूने पीक संरक्षण सोसायट्या होत्या, त्यांचे राखणदार होते. तेही एक प्रकारचे राज्यच. पिकाची चोरी ठरवणारे तेच, पकडणारे तेच, मारणारेही तेच. म्हणजे शासन नावाच्या तिसऱ्या गोष्टीच्या नाकासमोर दोन छोटी राज्ये एकमेकांसमोर उभी होती. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९७६ साली शहाद्यावर निबंध लिहिला आणि हे नाव जगातल्या शेतकरी चळवळींच्या अभ्यासात गेले. शहाद्यात मात्र तो निबंध किती जणांनी पाहिला असेल कोण जाणे.

या राज्याचा सगळ्यात धीट कायदा बायकांनी केला, आणि तो करताना कुणाची परवानगी घेतली नाही. १९७३ च्या सुमारास महिलांचे शिबिर भरले होते. व्यासपीठावर शोषणाची चर्चा, बाहेर मजुरीची. बायका उठून बोलू लागल्या त्या नवऱ्याच्या दारूवर आणि मारावर. आणि बोलून बसल्या नाहीत. निघाल्या आणि भट्ट्यांवरची मडकी फोडली. मग गावोगाव हे सुरू झाले. इथे कार्यकर्त्यांची थोडी पंचाईत झाली असणार. मोहाची दारू आदिवासींच्या पूजेत आहे. पहिली धार जमिनीला दिल्याशिवाय देव मानत नाहीत. शहरी क्रांतिकारकाला संस्कृतीचा मान राखायचा होता, तर सर्वोदयवाल्याला दारूबंदी हवीच होती. बायकांनी या दोघांच्या वादात वेळ घालवला नाही. पूजेची दारू कोणती आणि सावकाराच्या भट्टीची कोणती हे त्यांना बरोबर कळत होते. हनोईच्या पुस्तकांत हे कलम नव्हते, गुलाम महाराजांच्या आरतीत होते. दोन कल्पनांची खरी गाठ पडली ती माझ्या मते त्या फुटक्या मडक्यांपाशी.

१९७४ साली अंबरसिंग महाराज अकाली गेले. भजन आणि संघटना यांच्यामधला पूल गेला. पुढच्या वर्षी आणीबाणी. कार्यकर्ते तुरुंगात, सभा बंद.

याच सुमारास शासनाने या कल्पनेतल्या राज्यातली काही कलमे उचलली. १९७४-७५ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत देण्याचे दोन कायदे मुंबईत झाले. एक बेकायदा गेलेल्या जमिनींसाठी, दुसरा १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात रीतसर खरेदीखताने बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनींसाठीसुद्धा. रीतसर झालेला व्यवहारही अन्याय असू शकतो, हे कायद्याने मान्य करणे ही साधी बाब नव्हती. दुष्काळी कामांतून रोजगार हमी आकाराला आली, वि. स. पागे यांनी ती लावून धरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. हे सारे शहाद्यामुळे झाले असा दावा कुणी करू नये. पण शहाद्यासारख्या ठिकाणांच्या दडपणाशिवाय झाले असते असेही कुणी म्हणू नये. कल्पनेतल्या राज्याचे असे होते. त्याची निम्मी मागणी खरे राज्य मान्य करते, आणि मागणारा उरलेल्या निम्म्यासाठी एकटा पडतो. जमीन परत मिळाल्याचा आदेश निघाला, ताबा मिळाला नाही. ताबा मिळाला, तर बैल नाहीत, विहीर नाही. मग तीच जमीन त्याच मालकाला वाट्याने. अशा गोष्टी त्या भागात घरोघर ऐकायला मिळतात.

खऱ्या राज्याचे येणे इथे नेहमीच समारंभाने झाले आहे. नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्याच टेंभली गावी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले आणि देशातला पहिला आधार क्रमांक तिथे दिला गेला. ज्या तालुक्यात चाळीस वर्षांपूर्वी लोकांनी एकत्र बसून हिशोब मागितला, त्याच तालुक्यात प्रत्येकाला सुटासुटा मोजण्याची सुरुवात व्हावी, हा योगायोगच म्हणायचा. दिल्लीत कुणी हे मुद्दाम जुळवले असेल असे वाटत नाही.

चळवळीच्या मर्यादा लपवण्यात अर्थ नाही. ती तळोदा-शहाद्याच्या सपाटीची चळवळ होती. वर सातपुड्याच्या डोंगरात, अक्राणीत, सालदार जवळजवळ नव्हतेच. तिथे प्रश्न जंगलाचा, अतिक्रमण म्हणून नोंदल्या गेलेल्या शेतांचा, आणि पुढे नर्मदेच्या पाण्याचा. सरदार सरोवरात महाराष्ट्राची तेहतीस गावे बुडीतात आली, ती सगळी अक्राणी आणि अक्कलकुव्यातली. डोंगरातल्या पावऱ्यांचे आणि सपाटीवरच्या भिल्लांचे दुखणे एक नव्हते. नवापूर-साक्रीकडे मावची आणि कोकणा वस्ती. तिथले राजकारण धुळ्याच्या शरद पाटलांनी वेगळ्या वाटेने नेले. जातीचा प्रश्न बाजूला ठेवून वर्गाची क्रांती होणार नाही, असे म्हणत ते १९७८ मध्ये मार्क्सवादी पक्षातून बाहेर पडले आणि सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. मार्क्सच्या शेजारी फुले आणि आंबेडकर बसवण्याचा तो खटाटोप होता. एका जिल्ह्यात, तापीच्या दोन बाजूंना, दोन लाल झेंडे आणि दोन वेगळी राज्ये. भेगाळलेला देश म्हणायचा तर तो चार राज्यांच्या सीमेवर आहे तितकाच जिल्ह्याच्या आतही आहे.

आणि एक भेग सगळ्यांत नाजूक. वाहरू सोनवणे हे शहादा परिसरातले भिल्ल, चळवळीत घडलेले कवी. १९८७ मध्ये त्यांचा ‘गोधड’ आला. त्यांची ‘स्टेज’ ही कविता मराठीत फार गाजली. व्यासपीठावर बसून आदिवासींचे दुःख आदिवासींनाच समजावून सांगणाऱ्यांबद्दल ती आहे. ती विरोधकाने लिहिलेली नाही, आतल्या माणसाने लिहिलेली आहे, म्हणून ती जिव्हारी लागते. बाहेरून आलेल्यांनी आयुष्ये वेचली यात शंका नाही. त्यांच्या त्यागाची टिंगल करणे सोपे आणि हलकटपणाचे आहे. पण जे राज्य मजुरांचे म्हणून कल्पिले त्याचे इतिवृत्त कोणत्या भाषेत लिहिले गेले? मराठीत. बैठकीत भिलोरी, कागदावर मराठी, आणि पुण्याला पाठवायच्या अहवालात इंग्रजी. वहीचा प्रश्न इथेही सुटला नव्हता.

आता नकाशा. भिल्लांच्या मुलखाचे वेगळे राज्य हवे, ही मागणी जुनी आहे आणि तिचे केंद्र कधीच नंदुरबार नव्हते. तिची पुण्यभूमी मानगढ, राजस्थान-गुजरातच्या सीमेवरची टेकडी, जिथे १७ नोव्हेंबर १९१३ ला गोविंद गुरूंच्या मेळ्यावर इंग्रजांनी गोळ्या चालवल्या. झाबुआकडे बामनियाला मामा बालेश्वर दयाल या समाजवादी नेत्याने आयुष्य काढले. १९९८ च्या डिसेंबरात ते गेले आणि त्यांच्या समाधीला आज भिल्ल नवस बोलतात. लोहियांच्या पक्षातला माणूस देव होतो, यावर समाजवाद्यांनी एखादे शिबिर घ्यायला हरकत नाही. गेल्या काही वर्षांत भारतीय ट्रायबल पक्ष आणि त्यातून निघालेल्या भारत आदिवासी पक्षाने भिल्ल प्रदेशाची मागणी पुन्हा वर आणली. बांसवाड्याचे खासदार राजकुमार रोत यांनी २०२५ मध्ये त्याचा नकाशाच प्रसिद्ध केला. चार राज्यांतले जिल्हे एका रंगात, त्यात नंदुरबारही.

नंदुरबारमध्ये त्या नकाशाचे स्वागत जपून झाले, असे मला दिसते. विधानसभेच्या चारही जागा राखीव, लोकसभेची राखीव, जिल्ह्याचा मोठा भाग पाचव्या अनुसूचीत, १९९६ पासून तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा. जिल्ह्यातले सत्तेचे घराणे कोणतेही असो, ते आदिवासीच. नवे राज्य झाले तर राजधानी लांब राजस्थानकडे जाईल, हाही हिशोब असतो. मलाही आधी तो नकाशा रिकामा वाटला. त्यात नद्या होत्या, जिल्हे होते, पण मजुरी, वही, दारू, जमीन यांच्याविषयी चकार शब्द नव्हता. व्हिएतनामच्या दक्षिणेतल्या त्या मुक्ती आघाडीने ताब्यातल्या खेड्यांत आधी जमीन वाटली होती, मंत्रिमंडळ नंतर केले. इथे उलटे चालले आहे, असे माझे मत होते, आणि बऱ्याच अंशी अजून आहे.

ते थोडे डळमळले ते ऊसतोडीमुळे. शहाद्याच्या ओट्यावरचा सालदार आता कमी झाला. ट्रॅक्टर आले, शेतीत रोजंदारी आली. पण दिवाळी उलटली की अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, अक्राणीतून माणसे नवरा-बायकोच्या जोडीने, म्हणजे तिथल्या भाषेत एक कोयता, दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे निघतात. बारडोली, सुरत, तापीच्या खालच्या अंगाला. मुकादम पावसाळ्यातच घरी येऊन उचल देऊन गेलेला असतो. तोडीच्या टनाचा भाव, उचलीची वजावट, खाडे, हंगामाच्या शेवटी निघणारी बाकी. शब्दही तेच. फक्त वही आता मुकादमाच्या खिशात असते आणि ओटा दुसऱ्या राज्यात. शहाद्यात सालदार मंडळाच्या माणसांना घेऊन मालकाच्या दारी जाऊ शकत होता. बारडोलीच्या पडावावर त्याला ओळखणारे कोण? नंदुरबारचा कामगार अधिकारी म्हणतो काम गुजरातेत झाले, तिकडचा म्हणतो मजूर तुमचा. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित मजुरांच्या कायद्याने दोन्ही राज्यांत ठेकेदाराचा परवाना आणि मजुरांची नोंद सांगितली होती. उचल देऊन पहाटेच्या टेंपोत बसवणाऱ्या मुकादमापर्यंत तो कायदा क्वचितच पोचला.

म्हणजे सीमेचा प्रश्न अगदीच पोकळ नाही. ती रेघ फोटोतल्या बाकावर गमतीची दिसते, पण हिशोबाच्या वेळी मजुराच्या विरुद्ध काम करते. भिल्ल प्रदेशाचा नकाशा काढणाऱ्यांनी त्या बाजूने विचार केला आहे का, हे मला त्यांच्या पत्रकांत सापडत नाही. शहाद्याच्या जुन्या कार्यकर्त्यांनी तेव्हा सीमेचा विचार केला नाही, कारण त्यांचा मालक याच तालुक्यात राहत होता. पुढची पाने त्या काळातली आहेत. ती वाचताना आजच्या वाचकाने मनाशी एक गोष्ट चालू ठेवावी: यातले कोणते काम तालुक्याच्या बळावर आजही करता येईल, आणि कोणत्या कामासाठी दोन राज्यांच्या कामगार खात्यांना एका टेबलाशी बसवावे लागेल. सालाचा हिशोब मंडळासमोर व्हावा हे पहिल्यात मोडते. कोयत्याचा हिशोब, उचल द्यायच्या आधी लेखी आणि दोन भाषांत, हे दुसऱ्यात. तळोद्यात नोंद करून बारडोलीत ती तपासणारे एखादे संयुक्त कार्यालय उघडायला नवे राज्य लागत नाही. ते उघडत का नाही, याचे उत्तर मात्र नंदुरबारच्याच नव्हे, गांधीनगरच्या आणि मुंबईच्याही माणसांना द्यावे लागेल.